सोळा पिंडांतली आई

श्राद्धाच्या संकल्पाआधी मी यजमानाला नावं विचारते. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरची मंडळी. पणजीशी आलं की बहुतेक घरांत गाडी अडते. गावाकडच्या काकांना फोन जातो, कुणीतरी म्हणतं, ‘राधा होतं बहुतेक, माहेरचं वेगळं होतं.’ आईच्या नावाशी मात्र कुणी थांबत नाही. पुण्यात पौरोहित्य करायला लागल्यापासून माझ्यासमोर पाटावर बसलेल्या माणसांत आईचं नाव ठाऊक नसलेल्या पहिल्या म्हणजे अक्का.

अक्का पंच्याऐंशीच्या आहेत, कोथरूडला लेकीकडे राहतात. त्यांचा निरोप आला तो असा: आईचं श्राद्ध करायचं आहे, आजवर कधी केलं नाही, ती कोण ते मला माहीत नाही, चालेल का ते आधी सांग.

चालेल का, हा वरवर विधीचा प्रश्न. बाईनं श्राद्ध करावं का, बाईनं ते सांगावं का, हे वाद माझ्यापुरते केव्हाच मिटले आहेत. अक्कांचा प्रश्न त्याहून खोल होता. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देतो तेव्हा देव मानायच्या माणसांत पहिली आई येते, वडील आणि आचार्य मागून. पण जिचं तोंड पाहिलं नाही, जिनं आपल्याला दुसऱ्यांच्या दारात सोडलं, तिचं आपल्यावर ऋण राहतं का? राहत असेल तर ते कोणाच्या नावे फेडायचं?

विधीपुरतं उत्तर माझ्याकडे तयार होतं. नावं माहीत नसतील तर काय करायचं, याचा विचार सूत्रकारांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. पृथ्वीवर राहणारे पितर, अंतरिक्षात राहणारे, द्युलोकात राहणारे, असं म्हणून पिंड द्यावेत. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, कारण सगळी प्रजा कश्यपाची. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. शिवाय तर्पणाच्या अखेरीस एक ओंजळ असते ती बांधव असलेल्या-नसलेल्या, या जन्मीच्या आणि मागच्या जन्मीच्या, पाणी द्यायला कुणी न उरलेल्या साऱ्यांसाठी. न जाणण्याला आपल्या परंपरेनं इतकी जागा दिली आहे याचं मला दर वेळी समाधान वाटतं.

अक्कांना ते पुरलं नाही. ‘सगळ्यांच्या ओंजळीत ती नको,’ त्या म्हणाल्या. ‘ती माझी एकटीची आई आहे.’

जावयांनी अविधवा नवमी सुचवली, बायकांचं श्राद्ध त्या दिवशी असतं म्हणून. अक्कांनी मान हलवली. ‘नवमी सवाष्ण गेलेल्यांची. ती विधवा असेल तर?’ त्या घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारला गेला तो बहुधा पहिल्यांदाच. लेक उठून स्वयंपाकघरात गेली.

पितृपक्षाला अजून बरेच महिने होते. मी दुपारी अक्कांकडे जाऊन बसू लागले. माझी भाची वृद्धांसाठी समुपदेशन करते, तिनं मला रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाविषयी सांगितलं होतं. म्हातारी माणसं मागचं उगाळतात त्याला त्या काळी डॉक्टरसुद्धा बुद्धी मंदावल्याचं लक्षण समजत. बटलर यांनी १९६३ साली मांडलं की मृत्यू जवळ आल्याचं जाणवलं की माणूस आपलं आयुष्य पुन्हा उलगडून बघतो, आणि हे स्वाभाविक आहे, गरजेचंही आहे. त्यातून शांती मिळेलच अशी हमी त्यांनी दिली नाही. कुणाला त्यातून अपराधी वाटतं, कुणी निराश होतं, हेही त्यांनी लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. जवळ बसून ऐकणाऱ्यानं चांगलाच शेवट गाठायचा हट्ट धरला तर म्हाताऱ्या माणसाला तो हट्ट बरोबर कळतो, आणि ते आपल्या समाधानासाठी गोड बोलू लागतं.

आईबद्दल सांगा, असं मी कधी विचारलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. मी हातांबद्दल विचारत गेले. न्हाऊ कोण घालायचं? वेणी कोण घालायचं? ताप आला की कपाळावर कोणाचा हात असायचा? अंधाराची भीती वाटली की कोणाला हाक मारत होता?

आणि हात येत गेले. अक्कांची पहिली वर्षं गेली त्या अनाथाश्रमातल्या आयाच्या मनगटावर हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं. ती ओलं फडकं बदलताना काहीतरी पुटपुटायची. चौथ्या-पाचव्या वर्षी बार्शीच्या एका शाळामास्तरांनी अक्कांना घरी आणलं. त्यांना अण्णा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला आई, असं पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. ते युद्धाचे दिवस. धान्य मोजून मिळायचं. ही आई ताटात भाकरी वाढताना स्वतःची अर्धी झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तीच पुढे करायची. ‘मला वाटायचं, तिला भूकच कमी आहे,’ अक्का म्हणाल्या.

अण्णांनी त्यांना पाळलं, वाढवलं, शिकवलं, पण दत्तक घेतलं नाही, कारण घेता येत नव्हतं. १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा येईपर्यंत दत्तक घ्यायचा तो मुलगा. काही ठिकाणच्या रूढी सोडल्या तर मुलगी दत्तक घेण्याची सोय हिंदू कायद्यात नव्हती. तो कायदा झाला तेव्हा अक्का सतरा वर्षांच्या होत्या आणि त्यानं घातलेली वयाची अट पंधराची होती. १९५८ साली लग्न ठरलं. कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी गोत्र विचारलं आणि अण्णांनी, आवाज जराही न हलवता, स्वतःचं सांगितलं. ‘कागदावर मी कुणाचीच नव्हते. अण्णांच्या तोंडून त्यांची झाले.’

हे त्या सांगत असताना लेक दारात उभी होती. साठीची बाई, आणि आईच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होती.

त्यानंतर लेकच आश्रमात जाऊन आली. जुन्या नोंदवहीत एक ओळ सापडली. मुलगी, वय सुमारे आठ दिवस, रंग गव्हाळ. आईचं नाव या रकान्यात आडवी रेघ.

त्या रेघेचा अक्कांना राग आला. इतक्या दिवसांत मला त्यांच्यात राग दिसला नव्हता. ‘एक नाव लिहायला काय झालं होतं? खोटं लिहिलं असतं तरी चाललं असतं.’ अमेरिकेतल्या नातवानं तपासणीची डबी पाठवायचं ठरवलं; थुंकी पाठवली की दूरचे चुलत-मावस भाऊ सापडतात म्हणे. माझं मत विचारलं तेव्हा मी विरोध केला नाही. पण त्या मार्गानं सापडतील ती आजची जिवंत माणसं असतील, ज्यांच्या पणजीच्या आयुष्यात काय घडलं ते त्यांनाही माहीत नसेल, आणि कदाचित माहीत करून घ्यायचं नसेल. आपल्याकडच्या आजच्या नियमांत दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आपलं मूळ शोधायला अर्ज करता येतो, पण जन्मदात्रीनं गुप्तता मागितली असेल तर तिच्या संमतीशिवाय ओळख सांगितली जात नाही, आणि तिसऱ्या माणसाला तर हा शोध घेताच येत नाही. अक्कांची गोष्ट त्या नियमांच्या कितीतरी आधीची. तरी त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. जन्मलेल्या मुलाचा हक्क आहे तसा लपलेल्या बाईचाही आहे.

रेघेविषयी मी अक्कांना एवढंच सांगितलं की अशी घरं सुरू कशी झाली. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ साली मान्यता दिली, समाजानं दिली नाही. दिवस गेलेल्या विधवेपुढे विहीर होती, किंवा मूल जन्मताच संपवणं होतं, किंवा दोन्ही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि गुप्तपणे येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुमच्या मनावर, असं जाहीर केलं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रुग्णांची सेवा करत होता. १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं टाकलेल्या मुलांसाठी आश्रम निघाला आणि तो प्रार्थना समाजानं चालवला. या घरांचं सारं बळ एका गोष्टीत होतं: आत येणाऱ्या बाईचा बोभाटा होणार नाही. नाव लिहिण्याची सक्ती असती तर तिनं दार ठोठावलंच नसतं.

अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ती रेघ होती म्हणून मी आहे.’

मी हो म्हणाले नाही. त्यांची आई विधवा होती की कुमारिका, गरिबीनं पिचलेली होती की मेलेली, की तिच्या नकळत कुणी मूल उचलून आणून दिलं, यातलं काहीच आम्हाला माहीत नाही. या कामात सर्वांत मोठा मोह इथेच असतो. ऐकणाऱ्याला ती रिकामी जागा सहन होत नाही आणि तो त्यात एक कथा भरतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, गोंदणवाली आयाच आई असणार, लेकराजवळ राहायला मिळावं म्हणून नोकरीला लागली असेल. किती सुंदर कथा आहे ही! आणि तिला आधार काहीच नाही. ती खरी मानली तर त्या आयाचं खरंखुरं ममत्व आपण पुसून टाकतो. परक्या लेकराचं ओलं फडकं रात्री उठून बदललं, हे तिचं मोठेपण; आई ठरवली की ते तिचं कर्तव्य होऊन बसतं.

धर्मातल्या गोष्टींनी दिलेला दिलासाही मी अक्कांपुढे घाईनं ठेवला नाही. छांदोग्यातला सत्यकाम सगळ्यांना आठवतो. गोत्र विचारलं तर काय सांगू, असं त्यानं आईला विचारलं. तरुणपणी अनेकांची सेवा करत फिरत होते, तुझं गोत्र मला माहीत नाही, मी जबाला आणि तू सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असंच सांग, असं ती म्हणाली. त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं आणि हारिद्रुमत गौतमांनी त्याला शिष्य करून घेतलं. ‘माहीत नाही’ हेच तिथे पात्रतेचं प्रमाण ठरलं. ही गोष्ट मला उपनिषदांतल्या सगळ्या गोष्टींहून प्रिय आहे. पण अक्कांच्या बाबतीत तिचा एक पाय लंगडा पडतो, आणि तो त्यांनीच दाखवला: ‘त्याला सांगायला जबाला होती ना गं.’

कर्णाचं नाव काढलेलं त्यांना मुळीच आवडत नाही. कुंती कर्णाला भेटायला गेली ती युद्धाच्या तोंडावर, त्याला पांडवांच्या बाजूला बोलवायला. अशी भेट नको, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. आणि विठ्ठल? अण्णा वारकरी. घरात रोज हरिपाठ होई, गळ्यात माळ होती, विठूला माउली म्हणण्यातच अक्का वाढल्या. मी तिकडे वळतेय असं दिसताच त्या म्हणाल्या, ‘विठोबा मला आईच आहे, त्यात शंका नाही. पण त्यानं मला नऊ महिने पोटात वागवलं नाही. ते कुणीतरी केलंय.’

या वाक्यानं मला मातृषोडशी आठवली.

गयेच्या श्राद्धात आईसाठी सोळा पिंड असतात. प्रत्येक पिंडाला एक श्लोक, आणि प्रत्येक श्लोकात आईनं सोसलेलं एक दुःख. पाठ आणि क्रम थोडेफार बदलतात, पण आशय तोच: उंचसखल वाटेनं गर्भ घेऊन चालताना झालेला त्रास, महिन्यामहिन्याला वाढत गेलेले कष्ट, प्रसूतीच्या कळा, कडू काढे, शेकानं सुकलेलं शरीर, उपास, रात्री मुलानं ओली केलेली वस्त्रं, दिवसरात्र पाजणं, भुकेल्या मुलाला अन्न देऊन स्वतः थोडं खाणं, मूल आजारी पडल्यावरचा जिवाचा घोर. एकेका दुःखाबद्दल ऋण मान्य करायचं आणि पिंड ठेवायचा. आईच्या श्राद्धाचं आणखी एक मोठं क्षेत्र म्हणजे उत्तर गुजरातेतलं सिद्धपूर, जिथे कपिलमुनींची आणि देवहूतीची कथा सांगतात. अक्कांच्या तब्येतीला दोन्ही प्रवास अशक्य होते. गयेचं स्मरण करून घरीच करायचं मी ठरवलं. कडक शास्त्रार्थ बघणाऱ्यांना हे पटणार नाही, आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

सोळा पिंडांचा अर्थ मी अक्कांना आधीच वाचून दाखवला आणि प्रत्येकाला विचारलं, हे तुमच्यासाठी कोणी सोसलं?

माझ्या मते अक्कांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं. आपण आई हा शब्द अखंड समजतो. मग ती मिळाली किंवा नाही मिळाली, दोनच शक्यता उरतात. मातृषोडशी आईला कामांत मोजते. आणि कामांत मोजलं की अक्कांच्या आयुष्यात एकही जागा रिकामी निघत नाही. ओल्या फडक्याचा पिंड गोंदणवाल्या आयाचा. अर्ध्या भाकरीचा बार्शीच्या आईचा. पाजण्याशी आल्यावर अक्का अडल्या. तिनंच पाजलं असेल, आश्रमातल्या दुसऱ्या एखाद्या बाळंतिणीनं पाजलं असेल. ‘जिचं दूध प्याले तिचा,’ असं त्यांनी ठरवलं, आणि मी संकल्पात तसंच म्हटलं.

गर्भाचे, महिन्यांचे, कळांचे पिंड तिचे. त्यात वाद नव्हता, कारण त्या बाबतीत ‘असेल’ नाही. अक्का जिवंत आहेत म्हणजे कुणीतरी ते सोसलं आहे, आणि बहुधा लपून, पोट झाकत सोसलं आहे. मग काढ्याचा श्लोक आला. मी वाचला आणि अक्का म्हणाल्या, ‘तिला काढा कोणी दिला असेल का?’ शेकाचा आला. ‘शेगडी ठेवली असेल का तिच्या खाटेखाली? डोक्याला फडकं बांधलं असेल का?’ इतक्या दुपारी बोलताना त्या कायम सोडलेलं मूल होऊन बोलत होत्या. आता पंच्याऐंशी वर्षांची, चार बाळंतपणं झालेली बाई एका ओल्या बाळंतिणीची चौकशी करत होती. ‘माझ्या नातीपेक्षाही लहान असेल गं ती.’

मग त्यांनी जे सांगितलं ते लेकीलाही माहीत नव्हतं. लेक जन्मली तेव्हा अक्कांनी आठ दिवस तिला कुणाच्या हातात दिलं नाही. सासू रागावली, सुईण रागावली. अण्णांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं की आश्रमात आणलं तेव्हा आपण आठ दिवसांच्या होतो. ‘नवव्या दिवशी मी नीट झोपले. आणि मला कळलं, आठ दिवसांत मूल अंगाला किती चिकटतं ते. तिनं हे तोडून दिलं. मनापासून दिलं की हिसकावून घेतलं, देव जाणे. पण तुटलं ते तिच्याही अंगाचं.’ ते आठ दिवस अक्का आईजवळच होत्या का, हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. तरी त्या जे बोलल्या ती कल्पना नव्हती. ते त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाचं ज्ञान होतं, आणि ते खरं होतं.

नातवाची डबी तोवर आली होती. ती अजून कपाटात आहे, वापरायची की नाही ते अक्कांनी ठरवलेलं नाही. पण नातवानं फोनवर सांगितलेली एक गोष्ट त्यांना फार आवडली. पेशीतल्या मायटोकाँड्रियात जी जनुकं असतात ती फक्त आईकडून मुलांकडे जातात आणि पुढे मुलीमार्फतच चालू राहतात. म्हणजे तिची ती जनुकं अक्कांकडे आली, अक्कांकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे गेली. संकल्पातल्या तीन पिढ्या वर मोजतात. या खाली मोजल्या तरी सुरुवात तिच्यापासूनच होते.

सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध झालं. काश्यप गोत्र म्हटलं, आणि नावाच्या जागी अक्कांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं: माझी जन्मदात्री. सोळावा पिंड ठेवून झाल्यावर त्यांना भूक लागली आणि त्या पोटभर जेवल्या.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आजारपणाचा पिंड आपण चुकीचा दिला, असं त्यांचं म्हणणं. त्यांना विषमज्वर झाला होता तेव्हा बार्शीची आई माहेरी होती, आणि उशाशी जागत बसले होते ते अण्णा. घड्या त्यांनी बदलल्या, पेज त्यांनी भरवली. ‘तो श्लोक अण्णांचा आहे. पण पुरुषाला मातृषोडशीत बसवता येतं का?’

मी पोथ्या पाहिल्या. बसवता येतं असं कुठे लिहिलेलं नाही. श्लोकात आईच आहे. मी अक्कांना सांगितलं की तो पिंड ज्याच्या जिवाला घोर लागला त्याचा आहे, आणि मी तो अण्णांच्या नावानं सांगेन. त्यांना अर्धंच पटलं. बार्शीच्या आईचा पिंड काढून घेतल्यासारखं होईल, असं त्या म्हणतात. आता येत्या भाद्रपदापर्यंत आम्हाला हे ठरवायचं आहे. लेकीच्या मते तिथे दोन पिंड ठेवावेत, मग सोळाचे सतरा झाले तरी हरकत नाही.